कव्हरवरची केशरी रेघ

१

कस्तुराच्या दिवसाची सुरुवात ब्रश धुण्यापासून व्हायची. आदल्या संध्याकाळी धुऊन ठेवलेले ब्रशसुद्धा ती सकाळी पुन्हा नळाखाली धरायची. त्याशिवाय हात बसत नाही, असं ती म्हणायची.

चिंचवडच्या एमआयडीसीत एक लहानशी रेकॉर्ड कंपनी होती. मोठ्या शेडमध्ये रेकॉर्डी दाबायची मशीनं, शेजारच्या शेडमध्ये छपाई, आणि वरच्या मजल्यावर रस्त्याच्या अंगाला कस्तुराची लांबट खोली. खोलीत एक कलतं टेबल, एक रेकॉर्ड प्लेअर आणि भिंतीला टाचलेली जुनी कव्हरं. दुपार झाली की तापल्या प्लास्टिकचा वास जिन्याने वर यायचा आणि डब्यातल्या भाजीलाही तोच वास लागायचा. साल होतं एक्याऐंशी.

कव्हरांचं गणित पक्कं ठरलेलं होतं. लावणी असली की मान वळवून बघणारी बाई आणि नाकात ठसठशीत नथ. भजन असलं की केशरी आकाश, त्यात कळस. शाहिराला डफ आणि वर गेलेला हात. भीमगीतांना निळा, तो जरा गडदच. मॅनेजर उद्धवराव म्हणायचे, "कव्हर बघितलं की गिऱ्हाइकाला गाणं ऐकू आलं पाहिजे." त्यांचं हे म्हणणं कस्तुराला पटायचं. पिंपरीच्या फौंड्रीत भट्टीवर राबलेल्या बापाची ती मुलगी. डिप्लोमा करून या टेबलाशी पोचली होती आणि आपल्या कव्हरांमुळे रेकॉर्डी खपतात हे तिला ठाऊक होतं. फक्त तिचं नाव कुठे छापलं जात नव्हतं.

तिच्या आधी या टेबलावर कोंडीराम नावाचा चित्रकार बसायचा. तो वर्षापूर्वी कुरुळीला, त्याच्या गावी, निघून गेला होता. त्याच्याबद्दल कुणी विचारलं की उद्धवराव एवढंच म्हणत, "गावाला गेलाय. येईल."

एका सकाळी उद्धवराव स्वतः जिना चढून वर आले. हातात कोऱ्या पांढऱ्या लेबलाची रेकॉर्ड होती.

"कस्तुराबाई, हे जरा निराळं प्रकरण आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत. थेरगावचा ज्योतीराम म्हणून एक जण आहे, पूर्वी रेडिओच्या कारखान्यात होता. त्याने घरी यंत्र बनवलंय, त्यावरचं हे. ह्यात गाणारा नाही, पेटी नाही, तबला नाही. परदेशात म्हणे आता हेच चालतं."

"मग कव्हरवर कोणाला दाखवायचं, साहेब?"

"तेच तर तुम्ही शोधायचं. जमलं तर मागच्या बाजूला तुमचं नाव छापू. चित्रकार म्हणून."

एवढं बोलून ते गेले. जिन्यात मात्र मध्येच थांबले. त्यांची पावलं थांबलेली कस्तुराला ऐकू आली. ते का थांबले असावेत, याचा विचार तिने तेव्हा केला नाही.

२

तिने सुई ठेवली.

आधी नुसती घरघर होती, जुनाट ट्यूबलाइटची असते तशी. मग ठोका पडला. मग दुसरा. खूप लांबून येत होते, पण एकसारख्या अंतराने. कुठे हात चुकत नव्हता, श्वास नव्हता, हॉल नव्हता, कोणी खोकत नव्हतं. लावणीच्या रेकॉर्डीत तबल्यावर पडणारी बोटं दिसायची. इथे काहीच दिसत नव्हतं. ठोक्यांच्या मधल्या जागेत मात्र हळूच दुसरा एक आवाज येत होता, एखादी जड पेटी फरशीवरून ओढल्यासारखा. थोडं ओढायचं, थांबायचं. पुन्हा ओढायचं.

तिने रेकॉर्ड पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी चित्र तिच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहिलं.

माणसाचा हात या संगीतात नाही, तर चित्रातही दिसता कामा नये, असं तिने ठरवलं. म्हणून ब्रशचे फटकारे नकोत, छाया नकोत, सगळं पट्टीने आखलेलं आणि सपाट. आवाजाच्या भोवती शांतता होती म्हणून पार्श्वभूमी काळी. प्रत्येक ठोक्याची एक पांढरी आडवी रेघ. लांबचे ठोके वर, एकमेकांना खेटून. जवळ येतील तशा रेघा खाली, सुट्या सुट्या. रूलिंग पेनने तिने त्या इतक्या नेटक्या ओढल्या की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

राहिला तो ओढल्याचा आवाज. त्याला काहीतरी उभं हवं होतं. उजव्या बाजूला, वरून एक तृतीयांश अंतरावर, तिने एक जाडसर उभी रेघ भरली. खरं म्हणजे ती चंदेरी करायची होती. पण वाटीत भजनाच्या कव्हरातलं केशरी उरलं होतं, ब्रश त्यात बुडाला आणि तिने तो तसाच टेकवला. रेघ किंचित मागे कललेली आली. ती सरळ करायला हात पुढे झाला, पण तिने आवरता घेतला. कललेलीच बरी वाटत होती.

चित्र टेबलावर उभं करून ती लांबून बघत राहिली. गाणारा नव्हता, वाद्य नव्हतं, तरी कव्हर बघून संगीत ऐकू येत होतं. याहून निराळं कव्हर या रेकॉर्डीला असूच शकत नाही, असं तिला वाटलं.

३

उद्धवरावांनी चित्र हातात घेतलं. मग म्हणाले, "दार लोटून घ्या."

कस्तुराने दार लोटलं.

"माझ्या कपाटाची किल्ली कोणी दिली तुम्हाला?"

"कसली किल्ली, साहेब?"

उद्धवराव उठले. लोखंडी कपाट उघडून खालच्या कप्प्यातून त्यांनी एक पुठ्ठा काढला आणि तिच्या चित्राशेजारी टेबलावर ठेवला.

काळी पार्श्वभूमी. वर दाटलेल्या, खाली सुटत गेलेल्या पांढऱ्या आडव्या रेघा. उजवीकडे एक उभी केशरी रेघ, किंचित मागे कललेली. कोपऱ्यात कोंडीरामची सही.

"कोंडीरामने वर्षापूर्वी केलेलं," उद्धवराव म्हणाले. "हे देऊन तो गेला तो आलाच नाही. ज्योतीरामने कव्हराला नाट लावली आणि रेकॉर्ड पडून राहिली. हे चित्र मी कोणाला दाखवलेलं नाही. मग तुमच्याकडे कसं आलं?"

"मी ऐकलं आणि काढलं."

"आणि नेमका केशरी रंग तुम्हालाही ऐकू आला?"

वाटीत उरलेल्या रंगाची गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता. ती गोष्ट तिच्याच कानाला थापेसारखी वाटली असती.

"तुमच्यात गुण आहेत म्हणून तुम्हाला इथे आणलं," उद्धवराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुम्हाला असं करायची गरज काय पडली? लोक आधीच माझ्याकडे बोट दाखवतात, ह्यांना कशाला घेतलं म्हणून."

ह्यांना म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. तिने नजर चित्रांवर खिळवून ठेवली, आणि तेव्हाच तिला फरक दिसला. कोंडीरामची केशरी रेघ बारीक होती, काडीएवढी, अगदी वरच्या दाट रेघांत उभी. तिची रेघ खाली होती आणि मोठी.

"साहेब, ही रेघ बघा. दोन्हींत जागा वेगळी आहे."

"नक्कल करणारा थोडा बदल करतोच." त्यांनी कोंडीरामचा पुठ्ठा पुन्हा कपाटात टाकला. "तुमचं काम जास्त स्वच्छ आहे, छापायला तेच देतो. मागे नाव मात्र कोंडीरामचं जाईल."

जिना चढताना कस्तुराला एकच सुचत होतं. हा माणूस खोटं बोलतोय. तिचं चित्र बघून कोणाकडून तरी घाईने दुसरं काढून घेतलंय, नाव छापायला लागू नये म्हणून. पण चित्र खाली नेऊन पुरता तासही झाला नव्हता. आणि कोंडीरामच्या पुठ्ठ्यावरचा काळा रंग जुना होता, कडेला तडकलेला. रंग किती जुना आहे हे तिला कळत होतं.

४

रविवारी तिने ती रेकॉर्ड आकुर्डीच्या घरी आणली. आपले कान खोटे की डोळे, ते बघायचं होतं. तिचा नवरा सोनबा स्कूटरच्या कारखान्यात फिटर होता आणि त्या दिवशी ओव्हरटाइमला गेला होता. घरात ती आणि सासू, गिरजाबाई.

गिरजाबाई दारातल्या उजेडात ताट घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. वाण्याने तांदळात मसुरीची डाळ सांडली होती, ती वेगळी काढायची होती.

कस्तुराने बुद्धवंदनेची रेकॉर्ड उतरवून ही लावली आणि डोळे मिटून बसली. घरघर, ठोका, ओढल्याचा आवाज. डोळ्यांपुढे तेच चित्र आलं. पण ते येणारच, कारण ते तिने आता दोनदा पाहिलं होतं. यातून काही सिद्ध होत नव्हतं. एकाच तऱ्हेचं शिक्षण घेतलेले दोन चित्रकार एकाच ठोक्याला एकाच तऱ्हेने रेघ ओढतील, यात नवल ते काय? केशरीचं म्हणाल तर काळ्यावर केशरी उठून दिसतं, कोंडीरामलाही ते माहीत असणार. तिला जरा हलकं वाटलं. तिने डोळे उघडले.

"कस्तुरे, बंद कर ती मशीन," गिरजाबाई म्हणाल्या. "गानं हाय का काय हाय? कोन तरी घरात सामान हलवतंय असं वाटतंया."

"झालंच, आत्या."

रेकॉर्ड बंद करून ताट उचलायला ती वाकली आणि तशीच राहिली.

गिरजाबाईंच्या बोटाने तांदळात आडव्या रेघा पडल्या होत्या. वरच्या काठाला दाट, खाली सुटत आलेल्या. उजव्या बाजूला वेचलेली मसूर होती. ढीग नव्हता. एक उभा पट्टा होता, केशरी, किंचित मागे कललेला. जवळजवळ अर्ध्या ताटाएवढा उंच.

"आत्या, हे काय केलंत?"

"काय केलं? मसूर येगळी काढली न्हवं."

"अशी उभी का लावली?"

गिरजाबाईंनी ताटाकडे पाहिलं. त्यांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. "लावली कुठं? हाताला आली तशी ठिवली. काय झालं गं? तोंड का उतरलं तुजं?"

कस्तुराने ताट हलवून सगळं एक केलं. मग पुन्हा निवडायला लागेल म्हणून गिरजाबाई बोलत राहिल्या, पण तिचं लक्ष नव्हतं.

पहिल्या वर्षाला शिकवलं होतं ते तिला आठवत होतं. जमीन दाखवायची तर आडव्या रेघा ओढायच्या, लांबच्या दाट, जवळच्या विरळ. आणि तिच्यावर उभी वस्तू दाखवायची तर लांबची लहान आणि वर, जवळची मोठी आणि खाली. तिने ठोके म्हणून ओढलेल्या त्या रेघा फरशीच्या होत्या. आणि फरशीवरचं ते कोंडीरामपेक्षा तिच्याकडे मोठं होतं, तिच्यापेक्षा गिरजाबाईंकडे मोठं.

५

मंगळवारी तिने अर्धी रजा टाकली आणि थेरगावला गेली. ज्योतीरामचं घर सापडायला वेळ लागला नाही. 'आवाजवाला' म्हटल्यावर लोक बोट दाखवत होते.

दार त्याच्या मोठ्या बहिणीने, सुमनताईंनी उघडलं. कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांनी आत हाक मारली आणि पाणी आणायला गेल्या. पाण्याचा तांब्या ठेवून त्या मागच्या अंगणात निघून गेल्या, पुन्हा आत आल्या नाहीत.

वाटेत कस्तुराने सगळं जुळवून ठेवलं होतं. हा माणूस आणि उद्धवराव मिळालेले असणार. काहीतरी खेळ चाललाय, आणि आपण त्यात प्यादं आहोत. तसं असेल तर तोंडावर विचारायचं.

ज्योतीराम चाळिशीचा, हडकुळा. खोलीच्या कोपऱ्यात त्याचं यंत्र होतं, त्यावर जुनी चादर टाकलेली, तोंड भिंतीकडे फिरवलेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या बोटांवरच्या रंगाच्या डागांकडे पाहिलं, आणि ती काही बोलायच्या आत विचारलं, "कुठवर आलंय?"

कस्तुराने मनात जुळवलेलं सगळं तिथेच गळून पडलं.

"काय कुठवर आलंय?"

"तुम्ही चित्र काढलंत ना, ताई? मग तुम्हाला माहिताय."

ती बसली. मग म्हणाली, "माझ्या चित्रात एक तृतीयांशावर होतं. माझ्या सासूने तांदळात केलं, त्यात अर्ध्यावर."

ज्योतीरामने मान खाली घातली.

"मी उद्धवरावांना सांगितलं होतं, कव्हर कोरं ठेवा. नुसतं पांढरं. त्यांना वाटलं मी आगाऊपणा करतोय. म्हणाले, कोरं पाकीट कोण विकत घेईल? चित्र काढलं नाही तर ते नुसतं ऐकू येतं, ताई. नुसतं ऐकून काही होत नाही. मी एवढी वर्षं ऐकतोय."

"ते काय आहे?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही बनवलंय ना?"

"ठोका मी बनवलाय. घरघर मी बनवलीय." त्याने चादर घातलेल्या यंत्राकडे न बघता हात केला. "ओढल्याचा आवाज मी बनवलेला नाही. तो टेपवर होता."

कस्तुराला राग आला. खरं तर भीतीच होती ती, पण तिने त्या भीतीचा राग करून घेतला. "मग रेकॉर्ड काढायला दिलीच कशाला?"

"वाटलं, पुष्कळ लोकांनी ऐकलं तर कोणीतरी सांगेल. की आम्हाला तो आवाज येत नाही म्हणून. माझ्या एकट्याच्याच डोक्यात आहे म्हणून." तो ओशाळं हसला. "कोंडीराम इथे आला होता. तुम्ही बसलात तिथेच बसला होता, आणि तुमच्यासारखाच, दाराकडे पाठ होऊ नये म्हणून तिरका."

कस्तुराला आत्ता कळलं की ती तिरकी बसली आहे.

"मग कुठे गेला तो?"

"गावाला जातो म्हणाला. कुरुळीला." ज्योतीराम दारापर्यंत तिच्यासोबत आला. "ताई, ते छापू देऊ नका. एक चित्र वेगळं. छापायचं म्हणजे तेच हजारदा काढायचं."

६

थेरगावहून ती थेट छपाईच्या शेडमध्ये शिरली तेव्हा दुपारचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं आणि मशीन चालू होतं. काळा रंग शनिवारीच छापून झाला होता. आज त्यावर केशरी चढत होतं.

मशीनवर दत्तोबा होता, जुना माणूस. तो वैतागलेला दिसत होता. उद्धवराव शेजारी उभे होते.

"साहेब, मशीन थांबवा," कस्तुरा म्हणाली.

"नावाचं पुन्हा बोलायचं असेल तर नंतर बोलू."

"माझं नाव नको. कोणाचंच नको. कव्हर कोरं जाऊ द्या."

उद्धवराव तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत पुन्हा तोच संशय, आता त्याला एक कारण मिळालं होतं. आपल्याला नाही तर कोणालाच नाही, असा तिचा डाव त्यांना दिसत असावा. "ज्योतीरामकडे गेला होतात? त्याने भरवलंय हे?"

"साहेब, बाईंचं राहू द्या," दत्तोबा मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला. "माझं ऐका आधी. ह्या केशरीचं काय करू? शाई कमी केली, प्लेट दोनदा पुसली, कागद बसवून बघितला. तरी रेघ फुगतीये. सकाळी एवढी होती, आता बघा."

त्याने गठ्ठ्यावरचा कागद पुढे केला. केशरी पट्टा अर्ध्या कागदाहून मोठा झाला होता.

"प्लेट एकच आहे ना?" उद्धवरावांनी विचारलं.

"एकच."

"मग कशी फुगेल?"

"तेच म्हणतोय मी."

कस्तुरा तयार गठ्ठ्याकडे गेली. सकाळपासूनचे कागद ओळीने लागले होते, पहिला तळाशी, ताजा वर. तिने खालून मूठभर कागद ओढून घेतले, काठावर अंगठा ठेवला आणि तळापासून वर भराभर सोडले, वहीची पानं फडफडवावीत तसे.

रेघ चालू लागली.

वरच्या दाट रेघांतून ती खाली येत होती, कागदामागून कागद, अंगठ्याखाली एकेक पाऊल. सपाट पट्टा उरला नव्हता. त्याला खांदे होते. वाकलेली पाठ होती, मानेचा खळगा होता. ते पाठमोरं होतं. पाठमोरंच, मागे मागे पावलं टाकत तिच्याकडे येत होतं, शरीराचा सगळा भार मागे टाकून, दोन्ही हात पुढे ताणून. थोडं मागे यायचं, थांबायचं. पुन्हा मागे.

पाठमोरा माणूस मागे मागे चालत येतो तो कशासाठी, हे तिला कळलं. सोनबाने आणि त्याच्या मित्राने कपाट घरात आणलं होतं तेव्हा मित्र असाच चालत आला होता. हा काहीतरी ओढत आणत होता. त्याच्या पाठीआड काय होतं ते दिसत नव्हतं.

तिचा अंगठा थांबला. मुठीतले कागद अजून संपले नव्हते, आणि वर सगळा गठ्ठा बाकी होता.

"काय झालं?" उद्धवरावांनी विचारलं.

त्यांनी तिच्या हातातले कागद घेतले, चिडून, चोराच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तसे. गठ्ठ्यावरचे उरलेलेही ओढून त्याला जोडले. तिने केलेलं त्यांनी पाहिलं होतं, तसंच केलं. फक्त त्यांचा अंगठा थांबला नाही. शेवटच्या ओल्या कागदापर्यंत गेला.

ते ओरडले नाहीत. गठ्ठा त्यांनी टेबलावर ठोकून नीट जुळवला आणि पालथा ठेवला. त्यांची बोटं केशरी झाली होती, ती त्यांनी स्वच्छ सदऱ्याला पुसली. सदरा खराब होतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"दत्तोबा," ते अगदी हळू म्हणाले, "बंद कर."

मशीन थांबलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. दत्तोबाने डोकं वर करून पत्र्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग कस्तुराकडे. त्याने तोंडाने काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही की हो, मलाही येतोय. आवाज गोदामाच्या बाजूने येत होता. थोडा यायचा, थांबायचा. मग तो आला नाही.

७

कागद त्याच संध्याकाळी दिवस असतानाच मागच्या मोकळ्या जागेत जाळले. प्लेट दत्तोबाने घासून कोरी केली. कस्तुराचं चित्र आणि कपाटातला कोंडीरामचा पुठ्ठा उद्धवरावांनी स्वतःच्या हाताने आगीत टाकले. घरी गेल्यावर कस्तुराने आधी ती पांढऱ्या लेबलाची रेकॉर्ड फोडली. गिरजाबाईंनी दोन दिवस तिला त्यावरून बोल लावला.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव कुरुळीला जाऊन आले. कोंडीरामच्या घरी आई होती, चिमाबाई नावाची. तिने त्यांनाच उलट विचारलं, पोरगं कंपनीत बरं हाय न्हवं? वर्ष झालं, गावाकडं फिरकला न्हाई. उद्धवराव चौकीवर गेले. चौकशी झाली, थेरगावला ज्योतीरामकडेही पोलीस जाऊन आले. पुढे काही निघालं नाही.

ज्योतीरामची रेकॉर्ड शेवटी निघालीच नाही. त्याने यंत्र सुटं करून भाग विकून टाकले आणि पुन्हा रेडिओ दुरुस्तीचं दुकान धरलं. वर्षा-दोन वर्षांत सगळीकडे तसलं संगीत वाजू लागलं, सिनेमातसुद्धा, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कव्हरांवर काळ्यावर आखलेल्या चकचकीत रेघा येऊ लागल्या. चिंचवडच्या कंपनीत मात्र तसलं एकही कव्हर झालं नाही. उद्धवराव ती कामं परत पाठवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, आपलं गिऱ्हाईक तसलं नाही.

कस्तुराशी ते नंतर अदबीने वागले. चोरीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या लावणीच्या रेकॉर्डीमागे तिचं नाव छापलं गेलं, 'मुखपृष्ठ : कस्तुरा सोनबा गायकवाड', आणि सोनबाने ते कव्हर कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवलं. तिला आनंद झाला, पण ती वाट बघत होती तेवढा झाला नाही.

उद्धवराव निवृत्त झाले त्या दिवशी चहापाणी होतं. सगळे पांगल्यावर ते तिच्या खोलीत आले आणि उगाच भिंतीवरची कव्हरं बघत उभे राहिले. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते कस्तुराने तेव्हा विचारलं.

"साहेब, तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत. शेवटच्या कागदावर ते कितीसं आलं होतं?"

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुढे आलं नव्हतं," ते म्हणाले. "शेवटच्या कागदावर तो बाजूला सरला होता. काय आणलंय ते दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी कुरुळीला कशाला गेलो होतो, असं वाटतं तुम्हाला?"

ती पुढचं ऐकायला थांबली. उद्धवराव जिना उतरून गेले.